माशांच्या पेटीवरची अकुझा

बेटावरच्या कोमिझा गावाच्या बंदरावर जाळीघर नावाची एक जुनी दगडी खोली आहे. पूर्वी तिथे मासेमारीची जाळी वाळत, आता तिथे म्हातारे वाळतात. दुपारचं जेवण झालं की एकेक जण येतो, शेगडीत लाकूड सारतो, पाणी घातलेली लाल वाइन पुढ्यात घेतो आणि पत्ते पिसायला लागतो. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली, पाठीवर नाव कोरलेलं. माणूस गेला की त्याची खुर्ची भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. मग त्याचा मुलगा, भाऊ, नाही तर पुतण्या येतो आणि ती उतरवून तिच्यावर बसतो. निदान पूर्वी तरी यायचा. आता पोरं समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरात नाही तर ऑस्ट्रेलियात, आणि भिंतीवरच्या खुर्च्या जमिनीवरच्यांपेक्षा जास्त झाल्या आहेत. हे सगळ्यांना दिसतं, पण त्यावर कोणी बोलत नाही.

बेपोची खुर्ची गेल्या हिवाळ्यात भिंतीवर चढली. त्याला मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. मुलगी होती, ती न्यूझीलंडला. त्याच्या टेबलावर उरले तिघे: समोरचा निक्शा, जो आयुष्यभर त्याचा जोडीदार होता, आणि दोन बाजूंचे कुझ्मा आणि व्हितको. आता त्यांचा खेळ त्रेशेता, म्हणजे चौघांचा, समोरासमोरच्या दोघांनी मिळून खेळायचा. चौथा गेल्यावर शहाण्या माणसांनी चौथा शोधला असता. या तिघांनी काय केलं, तर बेपोचीही पानं वाटायची आणि रिकाम्या जागी पालथी ठेवून द्यायची. असा एक मेलेला हात मांडून ते वर्षभर रडतखडत खेळले, पण खेळले.

रस्त्यापलीकडे बेपोची बायको पेरिना राहत होती आणि ती त्या तिघांहून चांगली त्रेशेता खेळत होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

पेरिना सार्डिनच्या कारखान्यात डबे भरायची. संध्याकाळी हातांचा वास जाईपर्यंत लिंबू चोळायची आणि मग स्वयंपाकघरात बेपोबरोबर पत्ते मांडायची. दोघांतच चौघांचे हात वाटून घ्यायचे. त्रेशेतात एक रीत आहे. तीन एक्के, तीन दुर्र्या किंवा तीन तिर्र्या, म्हणजे या खेळातली सगळ्यांत मोठी पानं, हाती आली, तर पहिलं पान टाकताना तसं मोठ्याने सांगायचं, चौथं कोणतं नाही तेही सांगायचं. याला अकुझा म्हणतात. सांगितलं की तीन गुण मिळतात, पण तुमचं घबाड सगळ्यांना कळतं. न सांगता गिळून टाकलं तर गुण जातात, पण पान लपतं. आणि खोटी अकुझा कोणी करत नाही. बेटावरची माणसं बायकोशी खोटं बोलतात, पाद्र्याशी बोलतात, मासेमारी खात्याच्या साहेबाशी तर रोज बोलतात, पण खोटी अकुझा केलेला माणूस कोणाच्या आठवणीत नाही.

निक्शा अकुझा गिळणाऱ्यांतला. सशाला फास लावून बसावं तसा चांगलं पान हातात धरून बसायचा. पेरिना गिळायची नाही. आलंय ना, मग सांगायचं, आणि सांगून पहिल्याच पानाला टेबलावर आदळायचं. बेपो हरायचा, हसायचा आणि दुसऱ्या दिवशी जाळीघरात जाऊन तीच चाल आपली म्हणून खेळायचा. वर सांगायचाही, की काल रात्री पडल्या पडल्या सुचलं. पेरिना रविवारी अँचोव्ही मासे भरलेली जाड रोटी, पोगाचा, भाजून जाळीघराच्या दारापर्यंत न्यायची, आणि दारातूनच ऐकायची की बेपोचं डोकं काय चालतं. आत जायचं नसे. ताट दारातून घ्यायचे आणि दारातूनच रिकामं परत द्यायचे.

तिने ते तीसेक वर्षं ऐकून घेतलं. बेपोवर तिचं प्रेम होतं, तो भाग वेगळा. पण राग यायचा तो यायचाच.

बेपोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली त्या दिवशी चर्चमधून ती घरी गेली नाही, सरळ जाळीघरात शिरली. उंबरठ्याच्या आत. आणि म्हणाली की बेपोची खुर्ची मला हवी आहे, तुम्हाला चौथा हवा आहे, मी बसते. खोलीत कोणीतरी खोकलं. कुझ्माने व्हितकोकडे पाहिलं, व्हितकोने शेगडीकडे. निक्शा जाळीघराचा प्रमुख, किल्ली त्याच्याकडे. शिवाय बेपोच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता, म्हणून तो पेरिनाचा कूम आणि ती त्याची कुमा. त्या किनाऱ्यावर हे नातं रक्ताच्या नात्याइतकं धरतात.

"कुमा, इथे खुर्ची मागून मिळत नाही," निक्शा म्हणाला. "जानेवारीतली टूर्नामेंट जिंक. जिंकलीस तर हवी ती खुर्ची घे."

सगळे हसले, कारण निक्शा गंमत करत होता. पण साक्षीदारांसमोर बोलला होता, आणि पेरिना हसली नाही.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" तिने विचारलं. मग ती घरी गेली.

ती टूर्नामेंट म्हणजे दोघादोघांचा पोकर. तो बेटावर आणला रोकोने. रोको पस्तिशीचा, बरीच वर्षं प्रवासी जहाजांवरच्या कसिनोत पत्ते वाटून परत आलेला. त्याने पाहिलं की इथे चौघं जमायची मारामार, पण दोघं कधीही जमतात. नियम सोपे: प्रत्येकाला दोन झाकली पानं, मग मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच उघडी, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. एका जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्यांहून एकसारखी तीन पानं, आणि त्यांहून तीन आणि दोन मिळून झालेलं भरलं घर. दर टप्प्याला डाव वाढवायचा, बरोबरी करायची, पास म्हणायचं, नाही तर पानं टाकून द्यायची. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढच्या रविवारी. डाव दाण्यांचा: पांढरा वाल म्हणजे एक, लाल राजमा म्हणजे दहा. निक्शाने गेल्या काही वर्षांत ही टूर्नामेंट कोणाला जिंकू दिली नव्हती.

नाव नोंदवलं तेव्हा कोणी अडवलं नाही. शब्द दिला होता. पण पहिल्या रविवारी पेरिना टेबलापाशी आली तर तिच्या बाजूला खुर्ची नव्हती. खुर्च्या ज्याच्या त्याच्या. रोको धावत बाहेर गेला आणि माशांची एक लाकडी पेटी घेऊन आला, उलटी करून ठेवली. पेटीला गेल्या आठवड्यातल्या मॅकरेलचा वास होता.

"चालेल," पेरिना म्हणाली. "सगळं आयुष्य याच वासात गेलंय."

पहिला गडी पोस्टमन. दुसऱ्या तिसऱ्याच डावाला पेरिनाच्या हाती दोन राजे आले, मधल्या तीन पानांत तिसरा आला, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अकुझा. तीन राजे, इस्पिकचा नाही." आणि अर्धे दाणे पुढे सारले. खोली हसून लोटपोट झाली. पोस्टमनने रोकोला विचारलं की असं बोलणं चालतं का. रोको म्हणाला की जहाजावर टेबलाला जास्त माणसं असली तर चालत नाही, तिसऱ्याचं नुकसान होतं. इथे दोघंच आहेत, ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. पोस्टमनने विचार केला की खरे असते तर बाई सांगती कशाला. त्याने सगळे दाणे लावले आणि पुढच्या दहा मिनिटांत तो दारात उभा राहून ओव्हरकोट घालत होता.

तेव्हापासून पेरिनाने ते धरूनच ठेवलं. मोठं पान आलं की सांगायचं आणि जोरात वाढवायचं. तिला आणखी एक गोष्ट चटकन कळली होती, जी त्या म्हाताऱ्यांना कळत नव्हती. ते चौघांच्या खेळात मुरलेले, म्हणून चांगल्या पानाची वाट पाहत बसायचे. पण समोर एकच माणूस असला की त्याच्याकडेही बहुतेक वेळा भुसाच असतो. चौघांत ज्या पानाला कोणी विचारणार नाही, ते दोघांत राज्य करतं. एक एक्का पुरतो, लहानशी जोडी पुरते, आणि ती हातात आली की मऊ हाताने खेळायची नाही. दुसऱ्या रविवारी तिने व्हितकोला घरी पाठवलं, तिसऱ्या रविवारी कुझ्माला. कुझ्माला तर तिने तीनदा अकुझा सांगितली. दोनदा त्याने विश्वास ठेवून पानं टाकली, तिसऱ्यांदा चिडून बरोबरी केली आणि बुडाला.

गावात बोलणी सुरू झाली. बेकरीत बायका तिला रांगेत पुढे सोडायला लागल्या. पुरुष म्हणायचे की हा काय खेळ, खिळे ठोकल्यासारखा. निक्शा बंदरावर भेटला तर गोड बोलायचा. पान दाखवतो तो खेळाडू नसतो, म्हणायचा, बेपो असता तर त्याने तुला सांगितलं असतं.

बेपो असता तर त्याने ती चाल आपली म्हणून सांगितली असती, हे पेरिनाच्या ओठावर आलं होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल रस्त्यात बोलणं तिला बरं वाटलं नाही.

चौथ्या रविवारी फायनल. तीन दिवस यूगो, म्हणजे दक्षिणेचा दमट वारा, सुटला होता, बोट बंद, माणसांची डोकी जड, समुद्र धक्क्यावर चढत होता. जाळीघर भरलं होतं. बायका आत आल्या नाहीत, पण खिडकीबाहेर छत्र्या धरून उभ्या राहिल्या. निक्शा आपल्या खुर्चीत, शेगडीला पाठ देऊन. समोर पेटीवर पेरिना. तिने काळा झगा घातला होता आणि बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, डबे भरताना सारायची तशा.

निक्शा मूर्ख नव्हता. तीन रविवार त्याने लांबून पाहिलं होतं आणि एक गोष्ट हेरली होती: बाई मोठं पान आलं की बोलते, मग बोलली नाही तर पान मोठं नाही. ती बोलली की तो हसून पानं टाकायचा, ती गप्प असली की तुटून पडायचा. अकुझाचे डाव तिला चणेफुटाणे देऊन जात होते आणि गप्प डावांतून मूठमूठ दाणे निघून जात होते. तासाभरात तिच्यापुढचा ढीग निम्मा झाला.

रोकोने वाइन भरण्याच्या निमित्ताने डाव थांबवला आणि तिच्याजवळ वाकला. गावातल्या पोरांसारखा तोही तिला तेता, म्हणजे मावशी, म्हणायचा.

"तेता, तो तुला वाचतोय," तो हळूच म्हणाला. "आता मोठं पान आलं तर तोंड शिवून ठेव. नुसती बरोबरी कर, पास म्हण, मेल्याचं सोंग घे. तो आपण होऊन येईल, मग धर. जहाजावरचे मोठमोठे असंच करतात."

पोरगा चांगल्या मनाने सांगत होता, आणि तिच्यापेक्षा जास्त जग पाहिलेला होता. पेरिनाने मान डोलावली.

थोड्याच वेळात तिला दोन राजे आले. ती काही बोलली नाही, वाढवलं नाही, नुसती बरोबरी केली. निक्शाकडे होती सत्ती आणि पंजी, म्हणजे हिने जरा जोर केला असता तर त्याने कधीच फेकून दिली असती अशी पानं. मध्ये नव्वी, सत्ती, दुर्री. पेरिना पास म्हणाली. निक्शाही पास म्हणाला, फुकटात मिळतंय ते कोण सोडतो. चौथं पान पंजी. आता त्याच्या दोन जोड्या झाल्या. पेरिनाला वाटलं की आता धरायची वेळ आली, तिने दाणे सारले, त्याने त्यावर आणखी सारले, तिने तेही भरले. पानं उघडली तेव्हा राजांची जोडी मान खाली घालून पडली होती.

निक्शा खळखळून हसला. दाणे ओढून घेताना म्हणाला, "बघ कुमा, अशी गप्प बसलीस की किती बरं वाटतं."

त्याने ते खेळकरपणे म्हटलं असेल. पण पेरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाण्यांचं दुःख तिला नव्हतं, थोडे उरले होते अजून. तिला दिसलं ते हे, की तिने आपलं चांगलं पान झाकून ठेवलं आणि त्या अवधीत समोरच्याचं भलं झालं. हे काही आज झालं नव्हतं. स्वयंपाकघरात तिला सुचायचं, ती गप्प राहायची आणि जाळीघरात बेपो शहाणा ठरायचा. कारखान्यात यंत्राची चूक तिच्या लक्षात यायची, ती गप्प राहायची आणि मुकादमाला बढती मिळायची. प्रत्येक वेळी कोणीतरी प्रेमाने सांगितलं होतं की पेरिना, थोडं झाकून ठेव, बरं दिसतं. झाकून ठेवलेलं तिच्या कामी एकदाही आलं नव्हतं.

तिने रोकोला जवळ बोलावलं.

"रोको, तू गुणी आहेस, पण तुझं शहाणपण तुझ्याजवळ ठेव," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "यापुढे माझं पान बघायचं असेल तर याला किंमत मोजावी लागेल. फुकट काही मिळणार नाही."

आणि पुढच्या डावाला तिने एक शब्द न बोलता सगळे उरलेले दाणे पुढे ढकलले.

निक्शा चकित झाला. गप्प आहे, म्हणजे पान मोठं नाही. पण मग ही सगळं कशाला लावते? हातातल्या गुलाम आणि छक्कीकडे पाहून त्याने पानं टाकली. पुढच्या डावाला तिने पुन्हा वाढवलं, पुन्हा गप्प. नंतर एकदा अकुझा, तीन दश्श्या, चौकटची नाही. त्याने टाकली, तिने उघडून दाखवल्या, तिन्ही खऱ्या. मग गप्प आणि वाढ. साधा एक्का असला तरी वाढ, लहान जोडी असली तरी वाढ. निक्शाचं वाचन कामातून गेलं. त्याने गृहीत धरलं होतं की जे बोलत नाही ते दुबळं असतं. पेरिनाने काही लबाडी केली नव्हती, फक्त गप्प असतानाही मागे सरकणं सोडून दिलं होतं. मोठ्या पानाला बोलून मारायचं आणि बऱ्या पानाला न बोलता. एकदा त्याने हट्टाने बरोबरी केली तर तिच्याकडे अठ्ठ्यांची जोडी निघाली आणि त्याच्याकडे काहीच नाही. तिचे दाणे दुप्पट झाले. मग हळूहळू ढीग तिच्याकडे कलला. खिडकीबाहेरच्या छत्र्या काचेला टेकल्या.

निक्शाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इतक्या वर्षांत त्याला जाळीघरात टोपी काढताना कोणी पाहिलं नव्हतं.

मग तो डाव आला. पेरिनाने पानांचे कोपरे उचलले: इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का. तिने लगेच वाढवलं. निक्शाने राणी आणि सत्तीवर बरोबरी केली. त्याला आता पानं टाकायचा कंटाळा आला होता. रोकोने मधली तीन पानं उलटली. चौकटचा एक्का, राणी, सत्ती.

निक्शाच्या दोन जोड्या झाल्या. त्याच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, तेवढा तो मुरलेला होता. पेरिनाने मात्र दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि कारखान्यातल्या गोंगाटात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "अकुझा. तीन एक्के. बदामचा नाही."

आणि सगळे दाणे पुढे सारले.

व्हितको निक्शाच्या मागे उभा होता. त्याने चार रविवार पाहिले होते, एकदा स्वतःही भोगलं होतं. "टाक, निक्शा," तो पुटपुटला. कुझ्मानेही मान हलवली. पेरिना आजवर एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि शिवाय ही त्रेशेतातली अगदी खरीखुरी अकुझा होती, तीन एक्क्यांची, नसलेलं पान सांगून केलेली. असं कोणी बोललं की त्यावर संशय घ्यायचा नसतो. ते तोंडावर खोटारडं म्हणण्यासारखं असतं.

निक्शाला हे सगळं ठाऊक होतं. पण पानं टाकायची म्हणजे काय करायचं, हेही त्याला ठाऊक होतं. पोकरची चाल म्हणून टाकली असती तर एक वेळ ठीक. पण अकुझा ऐकून टाकली, तर भर खोलीत मान्य केलं असं झालं असतं की पेरिनाचा शब्द हा खेळाडूचा शब्द आहे, बेपोच्या शब्दासारखा, त्याच्या स्वतःच्या शब्दासारखा. मग खुर्ची द्यायला टूर्नामेंटची तरी काय गरज होती? मग वर्षभर तो पालथा हात कशासाठी मांडला होता?

निक्शाने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अकुझा खुर्चीवरून करतात," तो म्हणाला. "माशांच्या पेटीवरून केलेली आम्ही धरत नाही." आणि आपले सगळे दाणे लोटून दिले.

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. पेरिनाचे कान तापले होते. हा माणूस तिच्या लग्नात तिच्या शेजारी उभा होता. तिने दोन एक्के एकेक करून उलटे केले, हलक्या हाताने, आणि मधल्या चौकटच्या एक्क्याशेजारी सरकवून ठेवले.

निक्शाने राणी आणि सत्ती दाखवली. रोकोने चौथं पान उलटलं. राणी. खोलीत एकच गलका झाला: तीन राण्या, दोन सत्त्या, निक्शाचं भरलं घर. निक्शा खुर्चीतून अर्धा उठला, हात दाण्यांकडे गेला. रोकोने त्याचं मनगट हळूच धरलं.

"बार्बा, थांबा," तो काकांना समजवावं तसं म्हणाला. "राणी मधली आहे, दोघांची आहे. तेताचे तीन एक्के आणि दोन राण्या. तिचं घर मोठं आहे."

शेवटचं पान दुर्री आलं. तिने कोणाचंच काही केलं नाही.

निक्शा खाली बसला. गलका इतका झटकन थांबला की खिडकीबाहेरच्या बायकांना काय झालं ते कळेना, आणि बेकरीवालीने शेवटी न राहवून दार ढकललं. तिच्यामागून बाकीच्याही आत आल्या, ओल्या छत्र्यांसकट. त्यांना बाहेर काढायचं कोणाला सुचलं नाही.

पेरिना पेटीवरून उठली. दाण्यांना तिने हातही लावला नाही. हवी ती खुर्ची, असा शब्द होता. कुझ्मा नकळत आपल्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. निक्शाची शेगडीजवळची खुर्ची सगळ्यांत उबदार, आणि ती मागितली असती तर त्याला उठावंच लागलं असतं. तिने त्या खुर्चीकडे जरा वेळ पाहिलं, त्याला घाम फुटेल इतका वेळ. मग भिंतीपाशी गेली, बेपोची खुर्ची खिळ्यावरून उतरवली, झग्याच्या बाहीने धूळ पुसली. खुर्ची त्याच्या टेबलाशी आणून ठेवली, रिकाम्या जागेपाशी, निक्शाच्या समोर.

दोघंतिघं अभिनंदन करायला पुढे आले. पोस्टमनने हात पुढे केला, बेपोला किती आनंद झाला असता असं काहीतरी तो म्हणत होता.

"शाबासकी नंतर," पेरिना म्हणाली. "आधी डाव वाटा. वर्षभर चौथ्यावाचून अडलंय ना तुमचं?"

कुझ्मा आणि व्हितको आपापल्या जागी बसले. निक्शाने टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. त्रेशेताची पानं, इस्पिक-बदामाऐवजी पेले, नाणी, तलवारी आणि सोटे असलेली, कुझ्माने पिसली. सवयीने त्याने चौथा हात पालथा मांडला आणि तो कोणीतरी उचलला तेव्हा दचकून वर पाहिलं.

पेरिनाने पानं लावली. जागा अशी होती की आता निक्शा तिचा जोडीदार होता. पाटीवर त्यांचे गुण लिहायचे तेही त्यानेच, खडू कायम त्याच्याकडे असे. पहिलं पान तिचं होतं. तिने ते काढलं, हवेत धरलं आणि निक्शाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "अकुझा. तीन दुर्र्या. पेल्यांची नाही."

व्हितको सवयीचा खवचट. त्याने ओठ मुडपले आणि म्हणाला की पहिल्याच हाताला इतकं नशीब, जरा दाखव तरी.

निक्शाने खडू उचलला. समोर बेपोच्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे त्याने पाहिलं, आणि तिने नजर खाली घेतली नाही.

"दाखवायचं कशाला?" तो व्हितकोवर खेकसला. "ती बोलली आहे." आणि त्याने पाटीवर तीन रेघा ओढल्या.

पेरिनाने हवेत धरलेलं पान टेबलावर आदळलं. पेल्यांतली वाइन हिंदकळली, कुझ्माची तर सांडलीच. तिने ती पुसायला फडकं शोधलं नाही. बेकरीवालीनेही शोधलं नाही. शेवटी कुझ्मा स्वतः उठला.